भट्टी पेटली, पेढी बुडाली

झोतभट्टीची आकृती आपण सर्वांनीच फळ्यावर काढलेली आहे. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकायची, खालून गरम हवेचा झोत सोडायचा. तळाशी वितळलेले लोखंड जमते आणि त्यावर मळी तरंगते. बाण काढायचे, भागांना नावे द्यायची, समीकरणे लिहायची, की धडा संपला. या आकृतीत काही गोष्टी मात्र कधीच दाखवलेल्या नसतात. भट्टी उभारायला पैसा कोण देतो? तिच्या तोंडाशी कोण राबते? निघालेले लोखंड कोण विकत घेते, आणि कशाच्या बदल्यात? रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक चालणारी भट्टीसुद्धा बंद पडू शकते का?

पडू शकते. सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत असे घडले. सॉगस नदीच्या काठावरच्या या कारखान्याने लोखंड उत्तम काढले, आणि तरीही तो चालवणाऱ्या कंपनीचे दहा वर्षांच्या आत दिवाळे वाजले. धातुशास्त्र आणि व्यवहार यांची सांगड कुठे बसते व कुठे तुटते, हे समजून घ्यायला या कारखान्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. म्हणून ती हकिकत थोडी तपशिलात पाहू.

कुऱ्हाड हवी, पण नाणे नाही

१६३० ते १६४० या दहा वर्षांत सुमारे २०,००० इंग्रज माणसे न्यू इंग्लंड या प्रदेशात येऊन वसली. त्यांना जंगल तोडायचे होते, घरे बांधायची होती, जमीन नांगरायची होती. म्हणजे कुऱ्हाडी, खिळे, बिजागऱ्या, फाळ, पातेली हे सर्व हवे. हा सगळा माल इंग्लंडहून जहाजाने येई. त्याचे पैसे कुठून येत? दर वर्षी नवे लोक येत आणि आधी आलेल्यांकडून गुरे व धान्य रोखीने विकत घेत. त्या रोकडीतून इंग्लंडचा माल विकत घेता येई.

१६४० नंतर इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातला झगडा विकोपाला गेला आणि १६४२ मध्ये यादवी युद्ध पेटले. नव्या वसाहतकऱ्यांचा ओघ आटला. गुरांचे भाव कोसळले, नाणे दिसेनासे झाले आणि परदेशी माल घ्यायची ऐपत उरली नाही. तेव्हा लोखंड इथेच काढावे, असा विचार पुढे आला.

हे काम अंगावर घेतले जॉन विंथ्रॉप धाकटे यांनी. त्यांचे वडील याच वसाहतीचे गव्हर्नर होते. धाकट्या विंथ्रॉपना रसायनविद्या, किमया, वैद्यक आणि खनिजे यांचा नाद होता. पुढे ते कनेक्टिकट वसाहतीचे गव्हर्नर झाले, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीच्या आरंभीच्या सदस्यांमध्येही त्यांचे नाव आहे. १६४१ मध्ये ते भांडवल व कारागीर मिळवायला इंग्लंडला गेले.

दलदलीतले लोखंड

खाण नाही, डोंगर नाही, मग खनिज कुठले? न्यू इंग्लंडच्या दलदली आणि तळ्यांच्या तळाशी तांबूस-तपकिरी ढेकळे सापडत. तेच त्यांचे लोहखनिज. ते तयार कसे होते हे पाहण्यासारखे आहे.

जमिनीखालच्या ज्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यात लोह द्विसंयुजी रूपात विरघळलेले राहू शकते. असे पाणी झिरपत दलदलीत आले आणि हवेला भेटले, की लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन ते त्रिसंयुजी बनते. हे रूप पाण्यात विरघळत नाही. जलयुक्त लोह ऑक्साइडाचा गाळ खाली बसतो. या कामात काही जिवाणू हातभार लावतात. ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते जगतात. हा थर काही दशकांत पुन्हा भरून येऊ शकतो, ही या खनिजाची मोठी मौज.

हेच जिवाणू आपल्याकडेही भेटतात. साचलेल्या पाण्यावर किंवा ओढ्याच्या कडेला कधी कधी तेलासारखा रंगीत तवंग दिसतो आणि खाली गंजासारखा चिखल असतो. तवंग तेलाचा की लोहजिवाणूंचा, हे ओळखायची सोपी रीत आहे. काडीने तवंग हलवावा. तेल असेल तर ते पुन्हा जुळून येते. लोहजिवाणूंचा पापुद्रा असेल तर काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहतात. सहलीत मुलांकडून हे जरूर करून घ्यावे.

खनिजात लोह किती, याचा हिशेबही वर्गात करता येईल. या गाळातले मुख्य संयुग म्हणजे लोहाचा एक अणू, ऑक्सिजनचे दोन आणि हायड्रोजनचा एक. अणुभार अनुक्रमे ५६, १६ आणि १ धरले तर एकूण ८९, आणि त्यातले लोह ५६. म्हणजे शुद्ध संयुगात ६३ टक्के. पण दलदलीतल्या ढेकळात वाळू, माती आणि पाणीही असते, त्यामुळे प्रत्यक्षात प्रमाण बरेच कमी पडे. एक टन ओतीव लोखंड काढायला तीनेक टन खनिज लागे. शिवाय अशा खनिजात फॉस्फरस बऱ्याचदा जास्त असतो आणि तो लोखंडाला थंडीत ठिसूळ करतो.

काम अंगावर घेणारे

विंथ्रॉपना लंडनमध्ये व्यापारी आणि पैसेवाले गृहस्थ भेटले. त्यांनी मिळून जी संस्था काढली तिचे नाव होते ‘कंपनी ऑफ अंडरटेकर्स ऑफ द आयर्न वर्क्स इन न्यू इंग्लंड’. अंडरटेकर म्हणजे आज अंत्यविधीची व्यवस्था करणारा. त्या काळी त्याचा अर्थ, जोखीम पत्करून काम अंगावर घेणारा, एवढाच होता. कंपनीच्या नशिबी पुढे जे आले ते पाहता दोन्ही अर्थ लागू पडतात !

१६४३ मध्ये विंथ्रॉप कारागीर आणि सुमारे हजार पौंडांचे भांडवल घेऊन निघाले. प्रवास अपेक्षेपेक्षा फार लांबला, कारागीर आजारी पडले आणि कामाचा एक हंगाम वाया गेला.

वसाहतीच्या विधिमंडळाने, म्हणजे जनरल कोर्टाने, कंपनीला भरघोस सवलती दिल्या. लोखंड काढण्याची २१ वर्षांची मक्तेदारी, जमीन, जंगलातले लाकूड तोडण्याची मुभा, करांतून सूट, कारागिरांना लष्करी कवायतीतून सूट. त्याबरोबर अटीही आल्या. ठरलेल्या मुदतीत वसाहतीला पुरेल इतके लोखंड निघाले पाहिजे. वसाहतीची गरज भागल्याशिवाय बाहेर विकायचे नाही. आणि घडीव लोखंडाचा भाव टनाला २० पौंडांच्या वर जाता कामा नये.

इथेच पहिली गाठ पडली. लंडनच्या भागधारकांना नफा हवा होता आणि तोही नगद. वसाहतीला स्वस्त लोखंड हवे होते, पण द्यायला नाणे नव्हते. मॅसॅच्युसेट्सने स्वतःची टांकसाळ काढली तीसुद्धा १६५२ मध्ये. तोवर लोक गहू, मका, गुरे देऊन व्यवहार करत. ज्याच्या हातात नाणेच नाही त्याला कुऱ्हाड कितीही स्वस्त दिली तरी ती महागच पडणार. आणि लोखंडाच्या बदल्यात आलेला मका लंडनला पाठवून भागधारकांना काय उपयोग ?

जागा निवडणे हेही शास्त्र

विंथ्रॉपनी पहिली भट्टी ब्रेनट्री येथे, आजच्या क्विन्सी गावात, १६४४-४५ च्या सुमारास उभारली. ती बांधून झाल्यावर लक्षात आले की तिथे खनिजही पुरेसे नाही आणि पाण्याचा जोरही नाही. कंपनीने विंथ्रॉपना बाजूला करून १६४५ मध्ये रिचर्ड लीडर यांना कारभारी नेमले. लीडरना खाणकामाची माहिती होती आणि व्यापाराचाही अनुभव होता. त्यांनी नवी जागा शोधली. बॉस्टनच्या ईशान्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर सॉगस नदीकाठी. तिथल्या वस्तीला नाव मिळाले हॅमरस्मिथ.

ही जागा का चांगली, हा भूगोलाच्या तासाला विचारण्याजोगा प्रश्न आहे. नदीला उतार होता, त्यामुळे वरच्या अंगाला बंधारा घालून पाणी चाकांवर सोडता येत होते. भरतीचे पाणी इथपर्यंत येई, म्हणून होड्या थेट कारखान्याच्या धक्क्याला लागत. आसपास दलदली होत्या, म्हणजे खनिज. चहूबाजूंना जंगल होते, म्हणजे कोळसा. एक गोष्ट मात्र नव्हती, चुनखडी. खनिजातल्या वाळूला द्रवरूप मळीत घेऊन जायला अभिवाह लागतो आणि चुनखडी हा नेहमीचा अभिवाह. कारागिरांनी जवळच्या नाहांत द्वीपकल्पावरचा गॅब्रो हा काळसर अग्निजन्य खडक आणून वापरला. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांची सिलिकेटे असतात. वाळूबरोबर त्यांची पातळ मळी होते. मूलद्रव्यांची नावेही ठाऊक नसलेल्या काळात केवळ हाताच्या अनुभवावर हा खडक निवडला गेला, हे मुलांना आवर्जून सांगावे.

भट्टीच्या पोटात

१६४६ च्या सुमारास हॅमरस्मिथची भट्टी पेटली. दगडी बांधणीची, सुमारे २१ फूट उंच, वर निमुळती. टेकडीच्या कडेला ती बांधलेली होती, म्हणजे वरून एका पुलावरून टोपल्या नेऊन तिच्या तोंडात खनिज, गॅब्रो आणि लोणारी कोळसा ओतता येई. खाली दोन प्रचंड चामडी भाते. लोहाराच्या भात्याला माणूस ओढतो, इथे पाणचाक ओढत असे. एक भाता भरे तेव्हा दुसरा रिता होई, त्यामुळे झोत अखंड राही.

कोळसा इथे दोन कामे करतो. जळून उष्णता देतो, आणि अपुऱ्या ऑक्सिजनात जळताना कार्बन मोनॉक्साइड बनवतो. हा वायू वर चढताना खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. लोह ऑक्साइडाचे क्षपण होते. मोकळे झालेले लोह खाली उतरताना कार्बन शोषून घेते. शुद्ध लोह १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. चार टक्क्यांच्या आसपास कार्बन मुरला की हाच आकडा सुमारे ११५० अंशांवर येतो. म्हणून तर ते भट्टीतून रसासारखे वाहू शकते.

आता एक हिशेब. लोहाच्या ऑक्साइडात लोहाच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन. ते तीन काढायला कार्बनचे तीन अणू पुरतात. म्हणजे ११२ भाग लोहाला ३६ भाग कार्बन. १,००० किलो लोहाला सुमारे ३२० किलो. प्रत्यक्षात या प्रकारच्या भट्टीत टनामागे अडीच टनांच्या आसपास कोळसा खर्ची पडे. जवळजवळ आठपट ! बाकीचा कुठे गेला ? भट्टी तापवायला, खडक वितळवायला, आणि बराचसा न वापरता वरच्या तोंडातून ज्वाळा होऊन हवेत. वाळल्या लाकडाच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकाच कोळसा निघतो असे धरले, तर एक टन ओतीव लोखंडामागे दहा-बारा टन लाकूड. भट्टी भरात असताना दिवसाला टनभर लोखंड देई. मग वर्षाकाठी किती झाडे ? हे मुलांनाच काढू द्यावे.

काही लोखंड साच्यात ओतून थेट पातेली, चुलीमागच्या पाट्या असा माल होई. पण बीड ठिसूळ. त्याची कुऱ्हाड होत नाही. म्हणून उरलेले लोखंड शेजारच्या लोहारशाळेत जाई. तिथे कोळशाच्या आगीत हवेचा झोत मारून त्यातला कार्बन जाळून टाकत. कार्बन कमी झाला की वितळणबिंदू वाढतो, म्हणून रसाचा लगदा बनतो. हा लगदा पाणचाकावर चालणाऱ्या सुमारे ५०० पौंड वजनाच्या घणाखाली ठोकला की मळी पिळून निघते आणि घडीव लोखंड उरते. या फेऱ्यात आणखी कोळसा जळे आणि लोखंडाचीही घट होई. एक टन घडीव लोखंडाला सव्वा ते दीड टन ओतीव लोखंड लागे.

तिसऱ्या इमारतीत पट्ट्या लाटून त्यांच्या बारीक सळ्या चिरण्याची गिरणी होती. शेतकरी या सळ्या घरी नेत आणि हिवाळ्यात चुलीपाशी बसून त्यांचे खिळे ठोकत. याच आवारात भट्टीच्या वाहून जाणाऱ्या पाण्यावर जोसेफ जेंक्स या कारागिराने स्वतःची कार्यशाळा चालवली. पाण्यावर चालणाऱ्या यंत्राने धारेची अवजारे बनवण्यासाठी त्याला १६४६ मध्ये जनरल कोर्टाने १४ वर्षांचे एकाधिकार दिले. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमधले यंत्रासाठीचे हे पहिले पेटंट मानले जाते. १६५५ मध्ये त्याला गवत कापण्याच्या लांब विळ्यासाठी आणखी एक मिळाले. त्याने पाते लांब आणि पातळ केले, आणि ते वाकू नये म्हणून पाठीला जाड कड दिली.

विझवता न येणारी भट्टी

एवढे सगळे जमले, मग बिघडले कुठे ? उत्तराचा एक भाग भट्टीच्या स्वभावातच आहे.

पिठाची गिरणी गिऱ्हाईक आले की सुरू करता येते आणि गेले की बंद करता येते. झोतभट्टीचे तसे नाही. ती विझली तर आतला रस आणि मळी गोठून दगड होतो आणि भट्टीचे पोट फोडून दुरुस्त करावे लागते. म्हणून ती एकदा पेटली की महिनोन् महिने रात्रंदिवस चालवायची. त्यासाठी खनिज, गॅब्रो आणि कोळसा यांचे ढीग आधीच तयार हवेत. कोळशासाठी लाकूड त्याही आधी तोडून वाळवलेले हवे. कोळसा दूरवरून आणता येत नाही, कारण गाडीत हादरून त्याचा चुरा होतो. हिवाळ्यात नदी गोठली की चाके थांबतात. म्हणजे लाकूडतोड्याची मजुरी आज द्यायची, आणि त्या लाकडातून निघालेल्या लोखंडाचे पैसे कित्येक महिन्यांनी हाती यायचे. तेही पैसे नव्हेत, मका !

आजच्या भाषेत याला खेळत्या भांडवलाची चणचण म्हणतात. इमारती, बंधारा आणि चाके यांत भांडवल गुंतलेलेच होते. रोजच्या खर्चासाठी कर्ज काढण्याखेरीज मार्ग नव्हता. भाव वाढवून तूट भरावी, तर २० पौंडांची मर्यादा आड. मजुरी कमी करावी, तर कुशल कारागीर मोजकेच आणि ते समुद्रापलीकडून आणलेले. ते सोडून गेले तर भट्टी कोण चालवणार ? लीडर आणि भागधारक यांचे पटेनासे झाले आणि १६५० मध्ये लीडर बाहेर पडले. त्यांच्या जागी जॉन गिफर्ड आले.

स्वस्त हातांचा शोध

खर्चाची सर्वांत मोठी बाब मजुरी, म्हणून कंपनीने स्वस्त हात शोधले. ते मिळाले युद्धभूमीवर. ३ सप्टेंबर १६५० रोजी डनबारच्या लढाईत क्रॉमवेलने स्कॉटिश सैन्याचा पराभव केला. हजारो कैद्यांना दक्षिणेकडे चालवत नेऊन डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये कोंडले. भूक आणि रोगराई यांनी तिथे शेकडो माणसे मेली. २०१३ मध्ये तिथे बांधकामासाठी खणताना सामूहिक दफनाचे सांगाडे मिळाले, आणि २०१५ मध्ये डरहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ते याच कैद्यांचे असल्याचे जाहीर केले.

जे वाचले त्यांपैकी सुमारे दीडशे जणांना ‘युनिटी’ नावाच्या जहाजातून बॉस्टनला पाठवले गेले. त्यातले साठेक जण लोखंडाच्या कंपनीने घेतले. सहा ते आठ वर्षे सक्तीची चाकरी, मग मोकळीक, असा करार. अर्थात करारात त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. बहुतेकांना लाकूडतोडीवर लावले गेले. १६५३ मध्ये कारखान्याच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तेव्हा त्या कागदांत या माणसांची यादीही आली. आकृतीत कोळशाच्या शेजारी एक बाण असतो; त्या बाणाच्या मागच्या टोकाला ही माणसे उभी होती.

कैदी घेऊनही हिशेब सुटला नाही. माणसे फुकट राबली तरी त्यांना अन्न, कपडे आणि निवारा द्यावाच लागतो, आणि अननुभवी माणूस चांगला कोळसा लगेच पाडू शकत नाही. गिफर्डच्या कारकिर्दीत बंधाऱ्याचे पाणी शेजारच्या शेतात शिरल्याचे दावेही झाले. धार्मिक शिस्तीच्या प्युरिटन वस्तीत कारखान्यातल्या मंडळींचे दारू पिणे, शिव्या देणे, रविवारी प्रार्थनेला न जाणे यांवरून खटले होत आणि दंड बसत, तो भाग निराळाच.

कज्जांनी जपलेला इतिहास

लंडनच्या भागधारकांचा गिफर्डवरचा विश्वास उडाला. हिशेब जुळेनात. १६५३ मध्ये धनको कोर्टात गेले, गिफर्डना तुरुंग पाहावा लागला आणि कारखाना धनकोंच्या ताब्यात गेला. पुढे वेगवेगळ्या मालकांनी तो अधूनमधून चालवला. १६७० च्या सुमारास भट्टी कायमची थंडावली. दावे-प्रतिदावे मात्र त्यानंतरही रेंगाळले.

याला एक गमतीदार बाजू आहे. कंपनी सुखासमाधानाने चालली असती तर तिच्या वह्या बहुधा रद्दीत गेल्या असत्या. ती कोर्टात भांडली, म्हणून मजुरीचे दर, कोळशाची खरेदी, अवजारांच्या याद्या आणि साक्षीदारांच्या जबान्या टिकल्या. सतराव्या शतकातल्या एका कारखान्याबद्दल आपल्याला एवढे ठाऊक आहे, ते त्याच्या अपयशामुळे.

दुसरा पुरावा जमिनीत होता. नदीकाठी मळीचा मोठा ढीग शतकानुशतके पडून होता. १९४८ मध्ये रोलंड वेल्स रॉबिन्स यांनी उत्खनन सुरू केले. भट्टीचा पाया, घणाचे लोखंडी डोके, आणि ओल्या जमिनीत हवा न मिळाल्याने न कुजलेले पाणचाकाचे लाकूड हाती लागले. इथे पुन्हा ऑक्सिजनचाच खेळ ! अमेरिकेतल्या पोलाद उद्योजकांच्या संस्थेने खर्च उचलला आणि १९५४ मध्ये कारखान्याची पुनर्रचना लोकांसाठी खुली झाली. १९६८ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

बुडाले काय आणि तरले काय ?

कंपनीच्या वहीत शेवटची बेरीज तोट्याची आहे. पण वहीत न मांडलेली एक जमा आहे. हॅमरस्मिथमध्ये तयार झालेले कारागीर पांगले आणि हात घेऊन गेले. लेनर्ड कुटुंबातल्या लोहारांनी टॉन्टनजवळ लोहारशाळा काढायला हातभार लावला; तिथले काम १६५६ च्या सुमारास सुरू झाले आणि दोनशेहून अधिक वर्षे चालले. जेंक्सचा मुलगा ऱ्होड आयलंडमध्ये पॉटकेटच्या धबधब्याशी गेला आणि १६७१ मध्ये त्याने तिथे लोहारशाळा घातली. लेनर्डांपैकी एक जण पुढे न्यू जर्सीत पोहोचला.

अशा हातांतून वसाहतींमधला लोखंडाचा धंदा पसरत गेला. १७५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला कायदाच करावा लागला : वसाहतींनी कच्चे लोखंड आणि सळया इंग्लंडला जरूर पाठवाव्यात, पण सळ्या चिरण्याच्या नव्या गिरण्या आणि पोलादाच्या नव्या भट्ट्या काढू नयेत. कायद्याचा फार उपयोग झाला नाही. १७७५ च्या सुमारास या वसाहती वर्षाला ३०,००० टनांच्या आसपास लोखंड काढत होत्या; जगाच्या तेव्हाच्या उत्पादनाचा हा सुमारे सातवा हिस्सा होता, असा अंदाज केला जातो.

मग हॅमरस्मिथ यशस्वी की अयशस्वी ? लंडनच्या भागधारकाला विचारले तर पैसे बुडाले. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याला विचारले तर खिळे मिळाले. जेंक्सला विचारले तर विळा जमला. डनबारहून आणलेल्या माणसाला विचारले तर आयुष्याची सात वर्षे गेली. चौघांची उत्तरे वेगळी, आणि चारही खरी.

आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना अनेकदा वाटते की प्रक्रिया एकदा सिद्ध झाली की काम झाले. हॅमरस्मिथ सांगते की तिथून दुसरे काम सुरू होते : माल कोण घेणार, मोबदला कशात देणार, मधल्या महिन्यांत मजुरी कशातून निघणार, पाणी कोणाच्या शेतात शिरणार. पुढच्या वेळी वर्गात झोतभट्टी काढाल तेव्हा आकृतीशेजारी फळ्याचा थोडा भाग मोकळा ठेवा. त्यात मुलांना तीन याद्या करू द्या : भट्टीत काय जाते, ते कोण आणते, आणि त्याला काय मिळते. पहिली यादी पुस्तकात सापडेल. उरलेल्या दोन मुलांना विचारत, शोधत भराव्या लागतील.